गाल सुजला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टरीण नव्हे. तरी मंडळाने आज मलाच बोलावयास उभे केले, ते माझा गाल सुजला होता त्या हकिगतीमुळे. आपल्या कुपवाडात ती कुणाला ठाऊक नाही?

गौरी-गणपतीचे दिवस होते. खालची शेवटची दाढ ठणकू लागली. मी दाढेत लवंग धरली, मिठाच्या पुरचुंडीने शेकले आणि पुरण वाटायला बसले. तिसऱ्या दिवशी ठणका एकाएकी थांबला. मला वाटले, गौर पावली! आठवड्याने पहाटे उठते तो गाल टम्म, तोंडात दोन बोटे शिरेनात, हनुवटीखाली दगडासारखे घट्ट. संध्याकाळी पाण्याचा घोट गिळवेना, तेव्हा घरच्यांनी मिरजेस नेले. डॉक्टर म्हणाले, "बाई, ठणका थांबला तो दाढेची नस मेली म्हणून. पू आत पसरतच होता. रात्र काढली असती, तर सुजेने श्वासाची वाट बंद झाली असती." त्यांनी पू काढला, मागाहून दाढही काढली.

म्हणून सांगते, गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, धाप लागते, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे चालली आहे, असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. साखरेचा विकार असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. 2021 साली करोनानंतर काळ्या बुरशीने अशा कितीएक रोग्यांचे वरचे जबडे काढावे लागले, हे आपण ऐकलेच आहे.

प्रत्येक सूज दाढेचीच असते असे मात्र नाही. मुलाच्या कानाखाली सुजले आणि ताप आला, तर बहुधा गालगुंड. ते लागट आहे. सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये व ॲस्पिरिन देऊ नये. जेवताना गाल फुगतो आणि मग ओसरतो, तेव्हा लाळेच्या नळीत खडा असू शकतो. सूज नसता चालताना जबडा दुखला, घाम फुटला, तर ते हृदयाचे असू शकते. तेव्हाही तातडीने दवाखाना गाठावा.

आता थोडे अप्रिय. दात दुखला की आपल्यांतल्या पुष्कळजणी मिश्री लावतात. तिने दात बधिर होतो, दुखणे झाकले जाते, आणि ती तर भाजलेली तंबाखूच! तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, जबड्यात न दुखणारी गाठ लागली, तर कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. मीही वीस वर्षे मिश्री लावीत होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्या, गालावर गार फडके ठेवावे, उशी उंच घ्यावी. शेकू नये, मी शेकले, तीच चूक झाली. गोळी हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. गर्भारपणातही दातांचे उपचार करता येतात. डॉक्टरांना दिवस गेल्याचे सांगावे म्हणजे झाले.

कुणाला एकटीने जायचा संकोच वाटत असेल, तर मला हाक मारा. दुपारी दोननंतर मी मोकळी असते.