विंगेतली मुलगी



मुलांनो, मघाशी शाळेच्या संमेलनात तुमचं नाटक चालू असताना मी विंगेत डोकावलो. तिथं एक मुलगी उभी होती. एका हातात सगळ्यांच्या पिना, दुसऱ्या हातात नाटकाची वही, तीही मिटलेली. स्टेजवर कोणीही बोलो, संवाद तिच्या ओठांवर हलत होता. तिला पाहिलं आणि लिहून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवलं.

तिची ती तयारी पाहून मला अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी आठवल्या. तुमच्या आज्या त्यांना 'चार दिवस सासूचे'मधल्या आशाताई देशमुख म्हणून ओळखतात. 2001 पासून 11 वर्षं ती मालिका चालली. मालिकेचं काम सोपं, असं काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. वर्षानुवर्षं तीच बाई रोज नव्यानं खरी वाटायला लावणं, याला फार कष्ट लागतात.

पुण्याची ही रोहिणी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाट्यगुरू अल्काझींच्या हाताखाली शिकली. जपानी काबुकी पद्धतीच्या 'इबारागी' नाटकात तिनं काम केलं. बाईनं तिथं उभं राहणंच नवलाचं, कारण काबुकीत बायकांची सोंगंही पुरुषच घेत आले, आपल्या मुखवट्यांच्या बोहाड्यात घेतात तशीच. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांना तरी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती कुठं मिळाली? साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं.

'गांधी' चित्रपटाच्या वेळी रोहिणीताई तरुणच होत्या. तरुण कस्तुरबांपासून आगाखान पॅलेसमध्ये प्राण सोडणाऱ्या 74 वर्षांच्या बांपर्यंत सगळं वय त्यांनी अंगावर घेतलं. रंगभूषेनं केस पांढरे होतात, पण उठताना गुडघ्यावर टेकणारा हात, मान वळवण्यातला संथपणा, हे रंगाच्या डबीत मिळत नाही. ते तालमीत घासून घ्यावं लागतं. त्या भूमिकेसाठी 1983 मध्ये ब्रिटनचा 'बाफ्टा' पुरस्कार त्यांना मिळाला. आणि एवढं होऊनही त्यांनी मराठी नाटक सोडलं नाही, याचं मला जास्त अप्रूप आहे.

नाटक बसवणाऱ्या बाई, पुढच्या संमेलनात त्या वहीवाल्या मुलीला एक भूमिका द्या, एवढंच मागणं. आणि पोरी, तू जिथं असशील तिथून वर ये. पिना राहू देत हातात. मघाच्या नाटकातला आईचा संवाद मला तुझ्या आवाजात ऐकायचाय.