घंटागाडी आणि तिचे पैसे

वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात आता नगरपंचायत आहे, म्हणजे कचऱ्याच्या बाबतीत गावाला शहराचे नियम लागू झाले. 2016 च्या घनकचरा नियमांनी घराघरात कचरा वेगळा करायला सांगितलं. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. बॅटरी, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं हा घातक कचराही वेगळा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून द्यायचे. उघडे टाकले, तर ते सफाई कामगाराच्या हाताला लागतात. ही गोष्ट आपण फार सहज विसरतो.

ओला कचरा वेगळा मिळाला, तरच त्याचं चांगलं खत होतं. शहरांच्या अशा खतासाठी राज्य शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव ठरवलं आहे. परसात जागा असेल, तर भाजीची देठं, सालं घरच्या खड्ड्यातच जिरवा. रद्दी, पत्रा, बाटल्या भंगारवाला घेतोच. पालापाचोळा मात्र पेटवू नका, नियमाने त्याला मनाई आहे.

आता पैशांचं. ‘घरपट्टी भरतो, मग कचऱ्याचं हे शुल्क कशाला?’ असा सवाल हमखास येतो, आणि तो रास्तही आहे. पण घंटागाडी, डिझेल, मजुरी यांचा खर्च दरमहा असतो, म्हणून नियमांनी स्थानिक संस्थांना वापर शुल्क घ्यायची मुभा दिली. आपल्याकडचा दर नगरपंचायतीत विचारा आणि पैसे भरले की पावती मागून घ्या.