आभाळाचा फोटो



आज आम्ही आभाळाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्या चिखलीत आभाळ दिसते कुठे? कारखान्यांचे दिवे, रस्त्याचे दिवे, सोसायट्यांचे दिवे. खरे आहे. तरी ऐका.

मृग नक्षत्र सर्वांना ठाऊक आहे. मृग लागला की पेरणीची घाई. पण जून महिन्यात रात्री मृग शोधून बघा, सापडायचा नाही. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. मग ते नक्षत्र सूर्याबरोबर दिवसा उगवते, दिवसाच मावळते. त्याला बघायचे तर थंडीत. माघात रात्री नऊच्या सुमारास ते बरेच वर आलेले असते. मधोमध तीन तारे एका ओळीत दिसतात. ते त्रिकांड, म्हणजे हरणाला लागलेला बाण. बाण मारणारा व्याध जवळच झगझगत असतो. रात्रीच्या ताऱ्यांत तोच सर्वांत तेजस्वी.

त्रिकांडाच्या दक्षिणेला एक अंधूक ठिपका आहे. तो एक तारा नव्हे. तो वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे, आणि त्यात नवे तारे जन्मतात. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे १,३०० वर्षे लागतात. म्हणजे आज रात्री जो उजेड आपण बघू, तो आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माआधी पाच-सहाशे वर्षे निघालेला आहे!

डोळ्याला हा ढग राखी दिसतो. फोटोत तो गुलाबी येतो. असे का? ठिबकणाऱ्या नळाखाली क्षणभर ओंजळ धरली तर चार थेंब मिळतात. रात्रभर हंडा ठेवला तर तो भरतो. डोळा म्हणजे ओंजळ, कॅमेरा म्हणजे हंडा. तो उजेड साठवत बसतो.

पण अडचण आहे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे तासाला १५ अंश सरकतात. कॅमेरा फार वेळ उघडा ठेवला तर ठिपक्याची रेघ होते. मग हौशी माणसे पुष्कळ छोटे छोटे फोटो घेतात आणि संगणकावर एकावर एक बसवतात. तारा दर फोटोत असतो, तो ठळक होतो. फोटोतली रवाळ कचकच दर वेळी वेगळ्या जागी असते, ती पुसली जाते. पुण्याच्या प्रथमेश जाजूने मे २०२१ मध्ये असाच चंद्राचा फोटो केला. त्यासाठी ५०,००० हून अधिक चित्रे घेतली. तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता! पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवत आली आहे.

आम्ही फोटोसाठी भोरकडे जातो, कारण तिथे अंधार आहे. चिखलीतली किती तरी मुले आकाशगंगा न बघता मोठी होत आहेत, हे आम्हांला बरे वाटत नाही. दिवे हवेतच. रात्रपाळीहून येणाऱ्या बाईला उजेडाची वाट पाहिजे. पण तो उजेड वाटेवर पडावा. वर गेलेला उजेड धुळीवर आपटतो आणि सारे आभाळ पांढुरके करतो. त्याचे वीजबिल भरायचे ते भरायचेच. दिव्याला वरून टोपी बसवली की पुष्कळ काम होते. सोसायटीच्या बैठकीत हे बोलायला काय हरकत आहे?

आणि तुमच्या मोबाइलवरही फोटो येतो, बरे का. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. गच्चीवर दोन विटांच्या आधाराने मोबाइल पक्का टेकवा. त्यात रात्रीच्या फोटोची सोय असेल तर ती लावा. बोटाने धक्का बसू नये म्हणून दहा सेकंदांची मुदत द्या. पहिला फोटो त्रिकांडाचा घ्या. मग कृत्तिकांचा. डोळ्यांनी आधी मोजा, चार दिसतात की सहा. नंतर फोटोत मोजा.