परसातला चहा

चहा नको म्हणणारा माणूस आपल्याकडे विरळाच! पण दुकानातली पुडी आज बाजूला ठेवू. परसात होतो त्या गवती चहाचं बोलू.

याचं नाव चहा, पण हा चहा नव्हे. पुडीतली भुकटी चहाच्या झुडपाच्या पानांची असते. ती झुडपं आसामात, दार्जिलिंगला आणि निलगिरीच्या डोंगरावर होतात. गवती चहा हे गवतच आहे. पात चुरगळली की लिंबासारखा वास येतो. खऱ्या चहात झोप उडवणारा अंश असतो, तो या गवतात नाही. रात्री नुसत्या पातीचा चहा प्यालात तरी झोप मोडणार नाही.

याला बी लागत नाही. शेजारणीकडून मुळासकट दोन ठोंब मागून आणा. नाही कोणी म्हणत नाही. पहिले पाऊस झाले की लावायचे. वरची पाती वीतभर ठेवून छाटा आणि मुळं मातीत नीट दाबा. दोन ठोंबांत हात-दीड हात अंतर ठेवा. माती हलकी असली तरी भागतं, मात्र पाणी साचता कामा नये. साचलं की मूळ कुजलंच म्हणून समजा. उन्हाळ्यात तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी घाला, तेवढं पुरतं. साबणाचं पाणी नको. शेताच्या बांधावर लावायचा असेल तर आधी विचार करा. पिकावर औषध फवारलं की ते पातीवरही बसतं, आणि तीच पात आपण उकळून पितो!

तीन-चार महिन्यांत कापणी सुरू होते. जमिनीपासून सहा-आठ बोटं सोडून विळ्यानं कापा. हातानं ओढू नका. पातीची कड धारदार असते, बोट कापतं. दाट ठोंबाच्या बुडाशी विंचू-साप बसू शकतो. आधी काठी आपटा, मग हात घाला. तीन-चार वर्षांनी ठोंब फार दाटतो. तो उपटून फोडा, पुन्हा लावा, उरलेले वाटून टाका.

आता करायचा कसा? चार कप पाण्याला तीन-चार पाती. धुऊन त्यांची गाठ मारा, म्हणजे गाळताना त्रास नाही. पेराएवढं आलं ठेचून टाका. वर झाकण ठेवा. वास हाच यातला जीव आहे, उघड्या पातेल्यातून तो वाफेबरोबर जातो. चार-पाच मिनिटं उकळू द्या. कोणाला तुळशीची पानं आवडतात, कोणाला पुदिना. आम्हाला आलंच बरं वाटतं. गूळ घालायचा तर दूध उकळत्या चहात घालू नका, नासतं. चहा गाळून, दूध वेगळं तापवून, कपातच मिसळा.

पुडीचा चहा पिणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, एक सांगतो. तो जेवणाबरोबर घेऊ नका. जेवणातलं लोह त्यामुळे अंगी कमी लागतं. जेवण आणि चहा यांत तास-दोन तास जाऊ द्या.

आता जरा नीट ऐका. आमच्याच घरची गोष्ट आहे. एका पावसाळ्यात धाकट्या भावाला थंडी वाजून ताप भरला. आईनं गवती चहा, आलं, तुळस यांचा काढा दिला आणि अंगावर घोंगडी घातली. भावाला दरदरून घाम आला, ताप उतरला. आम्ही म्हणालो, "काढ्यानं काम केलं!" एक दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. पुन्हा काढा, पुन्हा घाम. असे आठ दिवस गेले. पोरगं उभं राहीना, तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. हिवताप निघाला.

फसगत कुठं झाली, पाहा. हिवतापाचा ताप असा चढतो आणि घाम येऊन आपला आपण उतरतो. काढा दिला तरी उतरतो, न दिला तरी उतरतो. उतरला की आपण श्रेय काढ्याला देतो! रक्तातले जंतू मात्र तसेच राहतात. ते गोळ्यांनीच मरतात. भाऊ वाचला, पण आईच्या मनाला ते आठ दिवस पुढं फार दिवस लागून राहिले.

म्हणून थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटातून रक्ताचा थेंब घेतात. तपासणीला आणि गोळ्यांना पैसा पडत नाही. गोळ्या दिल्या तेवढ्या सगळ्या संपवायच्या, ताप उतरला म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. बरोबर गवती चहा प्यायला हरकत नाही. तोंडाला चव येते, पोटात पाणी जातं. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा चहा, काढा काहीही नको. त्याला आईचं दूध पुरे.

आमच्या अंगणात सध्या सात ठोंब आहेत. पाऊस पडला की या आणि घेऊन जा. येताना ओलं फडकं आणा, मुळं सुकायला नकोत.