पृष्ठभागाचा अधिकार

सन्माननीय अध्यक्षमहोदय, दंतवैद्य व धातुशास्त्रज्ञ बंधुभगिनींनो,

रत्नागिरीत आपले स्वागत करण्याचा मान माझ्याकडे सोपवताना स्वागत समितीने दंतशास्त्रातील माझ्या अधिकाराचा दाखला मागितला नाही, हे तिचे औदार्य होय. परंतु मालगुंड-काळबादेवीच्या वाळूत जे काळे इल्मेनाइट सापडते ते टायटॅनियमचेच खनिज असल्यामुळे, आपल्या विषयावर या जिल्ह्याचाही अल्पसा हक्क पोहोचतो, असे मी नम्रपणे नमूद करतो.

१९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रेनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण निरखीत असता, हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी काही केल्या निघेना. आणि या अडचणीचा मागोवा घेत घेतच १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसले. सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम मिसळले असता या धातूचे बळ आणखी वाढते, हे खरे. तथापि हाडाची गाठ पडते ती मिश्रधातूच्या गाभ्याशी नव्हे, तर हवा लागताच त्यावर चढणाऱ्या, काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याशी. दरबार आत भरलेला असावा आणि निवाडा मात्र देवडीवरच व्हावा, तसा हा प्रकार आहे.

कणांचा मारा करून, मग आम्लाने पृष्ठभाग कोरण्याची पद्धत याच जाणिवेतून आली. १९९१ साली बुझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात, विद्युत्‌प्रक्रियेने गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागाशी हाडाचा स्पर्श २० ते २५ टक्के, तर अशा कोरलेल्या पृष्ठभागाशी ५० ते ६० टक्के आढळला. हायड्रॉक्सीअपेटाइटच्या लेपाने याहूनही वरचा आकडा गाठला, परंतु तो लेप झिजत असल्याची चिन्हेही तेथेच दिसली. म्हणून मी नुसत्या आकड्यांवर भाळत नाही.

शिवाय खडबडीतपणा वाढेल तितका लाभ वाढेल, असा हिशेब येथे चालत नाही. एक ते दोन मायक्रोमीटरचा मध्यम खडबडीतपणा आज सामान्यतः इष्ट मानतात. पण हिरडी मागे सरून तोही उघडा पडला, की जो पृष्ठभाग हाडाला मानवला होता तोच जंतूंनाही मानवतो, आणि तो स्वच्छ करताना वैद्याची पुरी कसोटी लागते. कारखानदारांच्या माहितीपत्रकांत पहिल्या गुणाची तारीफ पुष्कळ असते. या परिषदेने दुसऱ्या बाजूची चौकशी अधिक कसोशीने करावी, विशेषतः मधुमेह व तंबाखू यांनी गांजलेल्या आपल्याकडील रुग्णांच्या संदर्भात, असे मला वाटते.

निवास-भोजनाची तजवीज समितीने कुवतीबरहुकूम केली आहे. उणे दिसल्यास स्वयंसेवकांना बिनदिक्कत सांगावे. अध्यक्षमहोदयांनी आता सूत्रे स्वीकारून कामकाजास आरंभ करावा, अशी मी त्यांना विनंती करतो.