पिओनीचं छोटं कुळ

वनस्पतींची काही कुळं हजारो जातींची असतात, तर काही अगदी आटोपशीर. पिओनिएसी हे असंच एक छोटं कुळ. त्यात प्रजाती एकच, पिओनी. आणि जाती साधारण 33. पूर्वी तिला मोरवेलीच्या कुळात बसवत. पण तिच्या फुलातले पुंकेसर आतून बाहेर विकसित होतात, निदलं फळ धरेपर्यंत टिकतात. म्हणून तिचं कुळ वेगळं मानलं गेलं.

फळ तर पाहत राहावं असं! पेटिका उकलली की काही जातींत आत काळ्याभोर बिया दिसतात आणि त्यांच्यामध्ये लालभडक दाणे. रुजतात त्या काळ्या. लाल दाणे वांझ असतात.

औषधी गुण मात्र जमिनीखाली, जाडजूड मुळांत. चीनमध्ये पिओनीची शेती होते आणि मुळं काही वर्षांनी खणतात. उकडून, साल काढून वाळवलेलं मूळ म्हणजे ‘बाय शाओ’. सालीसकट वाळवलेलं ‘ची शाओ’. दोन्हींचे उपयोग तिथले वैद्य वेगवेगळे मानतात. पिओनिफ्लोरिन हे मुळातलं प्रमुख द्रव्य.

आपल्याकडे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांत हिमालयी पिओनी पांढरी फुलते. युनानी वैद्यकात पिओनीचं मूळ ‘ऊद सलीब’ नावाने अपस्मारावर वापरलं जातं. पण अपस्मार हा गंभीर आजार आहे. चालू असलेल्या गोळ्या बंद करून कुठलंही मूळ उगाळून घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.