आधाराची माती

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘शिक्षण आणि आपला समाज’ या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. आमची सारी हयात खडू-फळ्यापुढे गेली असल्यामुळे हा विषय आम्हांस तोंडपाठ आहे, आणि आपणांसही तो ऐकून ऐकून पाठ झाला असेल. म्हणून मंडळाची क्षमा मागून आज आम्ही त्याच विषयाकडे जरा आडवाटेने जाणार आहो. आमच्या हातात ही एक पांढरी गोळी आहे. आकार आवळ्याएवढा. मागे बसलेल्या मंडळींना हा पेढा वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणी दात लावू नये, दातच जायचा!

ही गोळी मातीची आहे. मागील दिवाळीस आमचे भाचे घरी आले, ते ही घेऊन आले. रसायन-अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते एका खताच्या कारखान्यात नोकरीस आहेत. आमच्या थोरल्या बंधूंनी शाळेचे तोंड पाहिले नाही. जन्मभर चाक फिरविले. भाच्यांनी गोळी त्यांच्या हाती दिली. दादांनी ती नखाने वाजवून कानाशी धरली, मग जिभेस लावली, आणि म्हणाले, “माती आहे. पण भाजणी आपल्या आव्याची नव्हे. जिभेला धरत नाही, म्हणजे पाणी पिणार नाही.” भाचे आश्चर्याने आमच्याकडे पाहून म्हणाले, “मामा, आमच्याकडे हीच परीक्षा करण्यासाठी गोळी तोलतात, पाण्यात उकळतात आणि पुन्हा तोलतात. थोरल्या मामांनी ती जिभेने केली!”

ही गोळी कोठे लागते, काय करते, आणि आपल्या समाजाने तिची ओळख का करून घ्यावी, इतकेच आज सांगावयाचे आहे.

आपण शेतात युरिया टाकतो. युरिया अमोनियापासून होतो. हवेतील नत्रवायू आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया करण्याची युक्ती फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधली, कार्ल बॉश याने ती कारखान्यात उतरविली, आणि १९१३ साली जर्मनीतील ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. आपल्या देशात सिंद्रीचा कारखाना १९५१ साली व मुंबईजवळील तुर्भे येथील १९६५ साली सुरू झाला. पुढे अलिबागजवळ थळ येथेही मोठा कारखाना उभा राहिला. या सर्व ठिकाणी वायूंचा संयोग आपोआप होत नाही. त्यासाठी उत्प्रेरक लागतो. लग्न जुळविणारा मध्यस्थ जसा दोन घरे जोडून देतो व स्वतः होता तसाच राहतो, तद्वत उत्प्रेरक हा विक्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. कारखान्यातील मंडळी त्यास ‘कॅटॅलिस्ट’ म्हणतात. तो लहान दाण्यांच्या किंवा कड्यांच्या रूपात असतो, व पोलादाच्या प्रचंड उभ्या पात्रांत त्याचे कित्येक टन वजनाचे थर भरलेले असतात. वरून वायू येतो, थरांतून वाट काढतो आणि खालून बाहेर पडतो.

आता प्रश्न असा की, पात्राच्या तळाशी वायू जाण्यासाठी छिद्रे तर ठेवलीच पाहिजेत. मग त्या छिद्रांतून बारीक दाणे गळून का पडत नाहीत? छिद्रे बारीक केली तर ती बुजतात व वायू कोंडतो. मोठी ठेवली तर मोलाचा उत्प्रेरक निघून जातो. या पेचातून आपली गोळी वाट काढते.

आम्ही शाळेत तीन मडक्यांची गाळणी करून दाखवीत असू, ती पुष्कळांस आठवत असेल. तसाच हा प्रयोग घरी करून पाहावा. बुडाला दोन बोटे जातील असे भोक असलेले एक मडके घ्यावे. त्यात नुसती मोहरी ओतली तर सगळी जमिनीवर. परंतु तळाशी लिंबे, त्यावर सुपाऱ्या, त्यावर वाटाणे, त्यावर ज्वारी आणि सर्वांवर मोहरी अशी रचना केली, तर दाणाही गळत नाही, आणि वरून ओतलेले पाणी मात्र सुखाने खाली येते. येथे थोडे गणित आहे. तीन सारख्या गोळ्या एकमेकींस टेकवून ठेवल्या असता मधल्या फटीतून, त्यांच्या व्यासाच्या साडेसहाव्या हिश्श्याहून लहान गोळी निसटते, मोठी अडकते. कारखान्यात याहून अधिक सावधगिरी बाळगतात. खालच्या थरातील गोळी वरच्या थरातील गोळीच्या साधारण दुप्पट ठेवतात. तळाशी एक किंवा दोन इंचांच्या, त्यावर अर्ध्या इंचाच्या, त्यावर पाव इंचाच्या, आणि मग उत्प्रेरक. उत्प्रेरकाच्या माथ्यावरही पुष्कळदा अशाच गोळ्यांचा थर देतात. वरून येणारा झोत त्यामुळे सर्वत्र सारखा पसरतो आणि खालचे दाणे उधळत नाहीत.

गोळ्या लहान असोत वा मोठ्या, त्या सहज ओतून भरल्या म्हणजे शंभर भागांतील सुमारे चाळीस भाग पोकळच राहतात. ही पोकळी म्हणजे वायूचा रस्ता. गोळी फुटली की तिचा चुरा नेमका त्या रस्त्यात बसतो. म्हणून तिच्यावर वजनाची कसोटी घेतात. अर्ध्या इंचाची चांगली गोळी एकटी शंभर किलोंहून अधिक भार सोसते. तिला तापविण्या-निवविण्याचीही परीक्षा द्यावी लागते. तापल्या मडक्यावर गार पाणी पडले म्हणजे काय होते, हे या सभेस सांगावयास नको.

दादांनी जिभेने केलेल्या परीक्षेचे मर्म आता ध्यानात येईल. आपला आवा साधारणपणे सातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापतो. त्या भाजणीत मातीचे कण एकमेकांस धरतात, परंतु मध्ये बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपते, उडून जाते आणि माठ गार राहतो. ही छिद्रे हा माठाचा गुण होय. आधारगोळीत तोच दोष ठरतो. पात्रात दाब प्रचंड असतो. गोळी सच्छिद्र असेल तर वायू तिच्या पोटात शिरून बसतो, आणि कारखाना बंद करताना दाब एकाएकी उतरला की आतला वायू तिला फोडून बाहेर येतो. म्हणून नेहमीची गोळी तेराशे अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक भाजतात. त्या तापात मातीचा काही अंश वितळून छिद्रे बुजवितो.

याउलट ज्या पदार्थावर उत्प्रेरक धातू बसवितात, तोही पुष्कळदा मातीच्याच कुळातील ॲल्युमिना असतो. परंतु त्यात मुद्दाम इतकी सूक्ष्म छिद्रे ठेवतात की, त्याच्या काही प्रकारांत एका ग्रॅमचा अंतर्भाग उलगडला तर दोनशे चौरस मीटर भरेल. म्हणजे चिमूटभर पदार्थाच्या पोटात एक मोठे अंगण! माठ श्वास घेतो, आधारगोळी श्वास रोखून धरते, आणि उत्प्रेरकाचा दाणा सर्वांगाने श्वास घेतो. एकाच कुळातील तीन भावंडे. भाजणी निराळी, म्हणून कर्तृत्व निराळे.

सर्वांत कठीण जागा अमोनियाच्या कारखान्यातील ‘दुय्यम रिफॉर्मर’ या पात्रात असते. तेथे तप्त वायू आणि वाफ यांत हवा सोडून काही वायू जाळतात, आणि थरातून बाहेर पडणारा वायू सुमारे हजार अंशांचा असतो. येथे साधी गोळी चालत नाही. आपल्या मातीत सिलिका, म्हणजे वाळूचे तत्त्व, भरपूर असते. नेहमीच्या आधारगोळीतही ते बरेच असते. इतक्या तापलेल्या, दाबाखालच्या वाफेत सिलिका हळूहळू वायुरूप होऊन प्रवाहाबरोबर निघून जाते आणि पुढे निवण्याच्या जागी, बॉयलरच्या नळ्यांवर व पुढील उत्प्रेरकावर, पुटे धरते. म्हणून त्या ठिकाणी शंभरात नव्याण्णव भाग ॲल्युमिना असलेली व सिलिका नावापुरतीच असलेली गोळी वापरतात. आमच्या हातातील गोळी त्याच जातीची आहे. माती आहे एवढे पुरत नाही. मातीत काय आहे हे जाणले पाहिजे.

आणि न जाणल्यास काय होते? एका कारखान्यात घडलेली हकिकत भाच्यांनी सांगितली. थर भरताना मधल्या आकाराच्या गोळ्या कमी पडल्या. काम उरकण्याची घाई होती. कोणी म्हणाले, “गोळ्याच त्या, त्या काय विक्रिया करतात?” आणि एक इंची गोळ्यांवर तीन मिलिमीटरचे दाणे थेट ओतले. आता मघाचे गणित आठवावे. एक इंचाचा, म्हणजे पंचवीस मिलिमीटरचा, साडेसहावा हिस्सा जवळजवळ चार मिलिमीटर होतो. दाणे निसटणारच! काही महिन्यांनी खालचा मार्ग तुंबला, पात्र निववून रिकामे करावे लागले, व कारखाना कित्येक दिवस बंद राहिला. गोळी स्वतः काही करीत नाही, हे खरे; पण तिच्यावाचून वरच्यांनाही काही करता येत नाही.

असो. ही सारी हकिकत दादांनी शांतपणे ऐकून घेतली, गोळी परत दिली, आणि एकच प्रश्न विचारला : “मातीचं एवढं शास्त्र आहे, हे आपल्याला कोणी का सांगितलं नाही?”

मंडळी, त्या घरात शिकलेला मनुष्य एकच होता, आणि तो म्हणजे आम्ही. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा आम्ही १९७४ साली उत्तीर्ण झालो, ती दादांनी विकलेल्या मडक्यांच्या पैशांवर. पुढे शिक्षक झालो, आणि समाजातील प्रत्येक मुलास एकच उपदेश केला, “मातीतून बाहेर पड.” दादांच्या धाकट्या मुलास तर आम्ही चाकावरून हाताला धरून उठविले. तो मुलगा आव्यातील जाळाचा रंग पाहून भाजणी झाली की नाही हे अचूक सांगत असे. आज तो एका कचेरीत शिपाई आहे. प्रामाणिक कष्टाची नोकरी आहे. तीस आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या मुलास उष्णतेची भाषा उपजत येत होती, त्यास ‘ही भाषा शिकविणाऱ्या संस्था आहेत’ असे आम्ही सांगितले नाही, कारण आम्हांसच ते ठाऊक नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही. मातीतून बाहेर पड, असे सांगण्याऐवजी मातीच्या आत शिर, असे सांगावयास हवे होते. शिक्षक म्हणून ही आमची चूक आहे, व ती आम्ही या सभेपुढे कबूल करतो.

यापूर्वीही आपण असेच गाफील राहिलो होतो. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. ती यंत्राची कौले कोकणापर्यंत आली आणि आपली हाताची कौले मागे पडली. मातीची मागणी मुळीच घटली नव्हती. ती केवळ आपल्या अंगणातून कारखान्यात गेली होती. आजही तसेच आहे. घागर पितळेची, मग प्लॅस्टिकची झाली, म्हणून आपण म्हणतो की मातीचे दिवस संपले. इकडे खताच्या कारखान्यात माती, तेलशुद्धीच्या कारखान्यात माती, इतकेच नव्हे तर मोटारीचा धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी जाळीही भाजलेल्या मातीच्या कुळातलीच!

कोणी असा समज करून घेऊ नये की, उद्या आपण परसातील आव्यात या गोळ्या भाजू. ते होणे नाही. त्यास शुद्ध द्रव्ये, मोठ्या भट्ट्या, भांडवल आणि काटेकोर तपासणी लागते. परंतु हे शास्त्र शिकण्यास कोणाची आडकाठी नाही. काशी येथे सिरॅमिक अभियांत्रिकीचा विभाग १९२४ पासून आहे. कोलकात्यास काच व सिरॅमिक यांची केंद्रीय संशोधन संस्था १९५० पासून आहे. आपल्या समाजातील किती घरांत ही नावे आजवर उच्चारली गेली आहेत?

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, समाजाच्या निधीतून दरवर्षी एक शिष्यवृत्ती केवळ सिरॅमिक शास्त्र शिकणाऱ्या मुलास वा मुलीस द्यावी. आमच्या निवृत्तिवेतनातून दहा हजार रुपये आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहो. दुसरी सूचना अशी की, ज्यांच्या घरी अजून चाक फिरते, त्यांनी मुलांस सुटीत आव्यापाशी बसवावे, आणि ‘असे का होते’ हे त्यांनी विचारले तर रागावू नये. उत्तर ठाऊक नसेल तर मुलास आमच्यासारख्या मास्तराकडे पाठवावे. मास्तरासही ठाऊक नसेल तर त्याने ते शोधून काढावे.

गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी वाजवून पाहिली, आणि कोण पक्के व कोण कच्चे ते सांगितले, ही कथा आपल्या घरोघरी सांगतात. कच्चे ठरलेले नामदेव रुसले, पण पुढे गुरूकडे गेले आणि पक्के झाले. कच्चे असणे हा अपराध नव्हे. आवा पेटलेला असताना बाहेर राहणे हा अपराध होय.

ही गोळी आम्ही समाजाच्या कार्यालयात ठेवून जात आहो. येणाऱ्या प्रत्येक मुलाने ती हाती घ्यावी, वाजवून पाहावी, आणि हवी तर जिभेसही लावावी.